प्रश्न पुसला, उत्तर तसंच राहिलं

«आमच्या भागातल्या द्राक्षवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, चारशेच्या वर माणसं आहेत. मी २८ वर्षं बाग करतोय. कोणी विचारलं की येतं तेवढं सांगतो. नोव्हेंबरच्या मध्याला शेजारच्या गावच्या एका पोराने रात्री साडेदहाला घडांचे फोटो टाकून जीएच्या डिपिंगचं, म्हणजे मणी फुगवायच्या संजीवकात घड बुडवायचं, विचारलं. मी जुनी वही काढली, चष्मा लावला, अर्धा तास बसून उत्तर लिहिलं. सकाळी बघतो तर प्रश्न गायब, फोटो गायब, मेसेज डिलीट केल्याची ओळ तेवढी शिल्लक. धन्यवाद नाही की काही नाही. या हंगामातलं हे सातवं. वर आणखी असं झालं, की दोन दिवसांनी दुसऱ्या एकाने माझं राहिलेलं उत्तर वाचून पोपटी अवस्थेतल्या, म्हणजे अजून कोवळ्या घडांवर ४० पीपीएमचं मारलं आणि फोन करून मलाच बोलला. लोक इतके कृतघ्न का असतात? उद्यापासून उत्तरं देणं बंद करू का?
— एक बागायतदार, तासगाव तालुका»

दादा,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या वहीपाशी थांबले. दिवसभर बागेत राबलेला माणूस रात्री उठून वही शोधतो आणि ओळखही नसलेल्या पोरासाठी अर्धा तास टाइप करत बसतो. त्याला सकाळी तशी ओळ बघायला मिळावी, हे वाईटच आहे. राग आला यात तुमचं काही चुकलं नाही.

पण ‘कृतघ्न’ हा शब्द मला लागला, कारण हे मी स्वतः केलेलं आहे.

पाचसहा वर्षं झाली त्याला. पलूसकडे आमची अडीच एकर सोनाका वाणाची बाग आहे. फेब्रुवारीचा महिना, काढणीला बारा दिवस राहिलेले. व्यापारी बाग बघून गेला होता, चार किलोच्या पेटीला १८० रुपये ठरले होते, इसार तेवढा यायचा होता. आणि रात्रीत अवकाळीचा एक शिडकावा येऊन गेला. पहाटे बॅटरी घेऊन बागेत गेले तर उताराच्या खालच्या चार ओळींत मणी तडकलेले. फुटल्या मण्याचा रस ओघळून खालच्या मण्यांवर चिकट झाला होता आणि त्यावर बारीक माश्या बसायला सुरुवात झाली होती. माझे हातपाय गळाले. फोटो काढले आणि राज्यभरातल्या बागायतदारांच्या एका ग्रुपवर टाकले. वीस मिनिटांत निफाडकडच्या एकाचं उत्तर आलं. पाणी तोडा. तडकलेले मणी कात्रीने काढून बागेबाहेर न्या, ओळीत टाकू नका. घडाभोवतीची पानं काढून वारा खेळता ठेवा. आणि काढणी एवढी तोंडावर असताना कुठल्याही औषधाच्या वाटेला जाऊ नका.

मी वाचत होते तेवढ्यात हे मागून म्हणाले, “अगं, त्या ग्रुपात आपला व्यापारीपण आहे.”

मी तिथल्या तिथे सगळं पुसलं, प्रश्नही आणि फोटोही. त्या भल्या माणसाला धन्यवादाचा एक शब्द लिहिला नाही, कारण लिहिला असता तर कोणीतरी लगेच विचारलं असतं, कशाबद्दल हो ताई? तुमच्या त्या पोराने का लिहिलं नाही, याचा विचार करताना हे लक्षात घ्या. ज्याला प्रश्न लपवायचा असतो त्याला आभारसुद्धा लपवावे लागतात.

पुसून उपयोग काही झाला नाही. दहा वाजता व्यापाऱ्याचा फोन आला, “वहिनी, खालच्या अंगाला तडा गेलाय म्हणे.” १८० चे १५० झाले.

बाग खाली झाल्यावर, दीड महिन्याने, मी निफाडच्या त्या माणसाला फोन लावला. काय बोलायचं ते मनाशी जुळवून ठेवलं होतं, पण त्यांनी बोलूच दिलं नाही. म्हणाले, “ताई, प्लॉट वाचला का तेवढं सांगा. मी रोज बघत होतो, तुम्ही काही लिहिलंय का ते.”

मला वाटतं तुमचंही तसंच झालंय, दादा. धन्यवाद मिळाला नाही याचं दुःख असेल, पण खरी रुखरुख त्या घडांची आहे. तुम्ही सांगितलेलं त्याने केलं का, मणी फुगले का, हे तुम्हाला कळलंच नाही. बाग करणाऱ्याला ही गोष्ट अर्धवट सोडवत नाही.

आता, लोक असं का करतात. या सदराकडे आलेल्या पत्रांतून आणि माझ्या स्वतःच्या ओळखीपाळखीतून जे दिसतं ते सांगते.

व्यापाऱ्याची भीती मोठी, ती मी सांगितलीच. तिच्या खालोखाल कन्सल्टंटची. एकरी पैसे मोजून माणूस सल्लागार लावतो, त्याने दिलेलं शेड्यूल पटत नाही, म्हणून गुपचूप ग्रुपवर विचारून बघतो. आणि त्याच ग्रुपात तो सल्लागारही असतो, म्हणून त्याने बघायच्या आत पुसायचं. काही घरांत बाप आणि मुलगा दोघंही एकाच ग्रुपवर असतात. पोराने विचारलेला साधा प्रश्न बापाच्या नजरेस पडला की जेवताना ऐकावं लागतं, “गावाला विचारण्यापेक्षा मला विचारायचं होतंस.” तुमचा तो पोरगा याच घरातला असू शकतो. २८ वर्षांच्या अनुभवाला विचारायची लाज वाटत नाही त्याला, पण आपल्याला डिपिंगची मात्रा माहीत नाही हे गावासमोर यायची वाटते. पहिल्यांदा बाग हातात घेतलेल्या पोराला तर फारच.

मालात राहणाऱ्या औषधाच्या अंशाची भीतीही आहेच. २०१० साली युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांत सीसीसी या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचे अंश मर्यादेच्या वर सापडले आणि कंटेनर अडकले. त्या हंगामाने सांगली काय नि नाशिक काय, किती घरं मोडकळीला आली ते तुम्ही पाहिलंय. तेव्हापासून निर्यातीचा माल असलेला माणूस औषधाचं नाव लिहायला कचरतो. ‘अमुक मारलं तर चालेल का’ एवढं विचारलं, तरी उद्या कोणी म्हणेल की याने मारलंच होतं. नुसत्या विचारण्याचाही पुरावा राहू नये असं त्याला वाटतं. मला ही भीती अनाठायी वाटत नाही.

आणि एक कारण असं आहे जे पुरुषांना बहुधा दिसतच नाही, म्हणून जरा थांबून सांगते. माझ्या ओळखीची एक बाई आहे. नवरा गेल्यावर दोन एकर बाग तिने एकटीने उभी ठेवली. भुरी रोगाबद्दल तिने ग्रुपवर एक प्रश्न विचारला. उत्तरं चांगली आली. पण ग्रुपवर नंबर सगळ्यांना दिसतो. त्या रात्री पावणेअकराला पहिला फोन आला, “वहिनी, भुरीचं विचारत होता ना?” आवाज ओळखीचा नाही. मग दुसरा. तिसऱ्याने विचारलं, घरी कोण कोण असतं. तेव्हापासून ती प्रश्न टाकते, दोन उत्तरं येईपर्यंत फोन हातात धरून बसते, उत्तरं वहीत उतरवते आणि प्रश्न पुसून टाकते. तिच्यासारख्या आणखी कितीजणी असतील. तुमच्या सातांतली एखादी ती असेल. तिला कृतघ्न म्हणवेल का तुम्हाला?

काहीजण मात्र खरंच तसे असतात, हेही लपवत नाही. आपलं काम झालं, आता शेजाऱ्याला फुकट कशाला कळू द्यायचं, अशा हिशेबाने पुसणारे. चारशे माणसांच्या अनुभवातून स्वतः घ्यायचं आणि पुढच्याला मिळू नये म्हणून दार लावायचं, हे मला अजिबात मान्य नाही. तुम्ही तर तासगावचे. तास-ए-गणेश हा वाण तुमच्याच मातीत थॉम्पसन या जुन्या वाणातून निवडून निघाला, वसंतराव आर्व्यांच्या नजरेमुळे. आमचा सोनाका सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांचा. एका वेलीवर काहीतरी वेगळं दिसलं, ते जपलं, आणि त्या काड्या गावोगाव गेल्या म्हणून आज आपली घरं उभी आहेत. त्या काळी कोणी काडी कुंपणाआड ठेवली असती तर आपण आज कुठलं पीक घेत असतो, कोण जाणे. हे मी त्या हिशेबी लोकांना तोंडावर सांगायला तयार आहे. पण ते थोडे आहेत. बाकीचे भ्यालेले किंवा लाजलेले असतात.

व्हॉट्सॲपने पुसायची सोय २०१७ मध्ये दिली तेव्हा मुदत सात मिनिटांची होती. २०२२ पासून ती दोन दिवसांच्याही थोडी वर गेली. म्हणजे प्रश्न टाकायचा, उत्तर घ्यायचं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डिपिंग उरकायचं आणि मग सावकाश पुसायचं, एवढा वेळ माणसाला मिळतो. ती सोय कोणी काढून घेणार नाही आणि काढून घ्यावी असं मला वाटतही नाही, त्या दोन एकरवालीमुळे.

पण तुमच्या पत्रातला दुसरा भाग, तो ४० चा, मला पहिल्यापेक्षा जास्त गंभीर वाटतो. धन्यवाद न मिळाल्याने मन दुखावतं, इथे बाग दुखावली.

तुम्ही पत्रासोबत तुमच्या उत्तराचा फोटो पाठवलाय तो मी नीट बघितला. त्यात लिहिलंय: बिनधास्त ४० ने बुडवून घ्या, ॲसिटोनमध्ये आधी पूर्ण विरघळू द्या, ऊन उतरल्यावर करा. उत्तर बरोबर आहे. त्या पोराचा प्लॉट सप्टेंबरअखेरच्या छाटणीचा, थॉम्पसन, मणी ३ ते ४ मिलीमीटरचे. पण हे सगळं त्याच्या प्रश्नात होतं, तुमच्या उत्तरात नव्हतं. प्रश्न गेला आणि ४० हा आकडा एकटा राहिला. दुसऱ्याची छाटणी ऑक्टोबरच्या शेवटची, घड अजून पोपटी. तिथे १० पीपीएम लागतं. १० म्हणजे शंभर लिटर पाण्याला १ ग्रॅम, ४० म्हणजे पंचवीस लिटरला १ ग्रॅम. चौपट गेलं. वर बुडवायचं सोडून पंपाने मारलं. घडाच्या पाकळ्या, म्हणजे त्याच्या बारीक फांद्या, भसाभस लांबल्या असतील, देठ वळून कडक झाले असतील. तो माणूस तुम्हाला बोलला ते चूकच, कुठल्या अवस्थेचं आहे हे विचारायचं काम त्याचं होतं. तरी मला त्याचाही राग येत नाही. हंगामात रात्री अकरा वाजता ग्रुप चाळणारा माणूस आकडाच शोधत असतो.

आपल्या पिकात उत्तराला स्वतःची किंमत नसते, दादा. छाटणीचा कितवा दिवस, वाण कोणता, मणी केवढा, मागच्या आठवड्यात काय मारलं, पाऊस झाला का, यावर सगळं असतं. काळ्या वाणाला थॉम्पसनचं प्रमाण चालेलच असं नाही. निर्यातीच्या मालाला जे चालत नाही ते बेदाण्याच्या मालाला कोणी चालवून घेतं. म्हणून तुमच्या हातात जे आहे ते एवढंच, की उत्तर लिहिताना प्रश्न त्याच्या पोटात घाला.

म्हणजे पुढच्या वेळी असं लिहा: «थॉम्पसन, फळछाटणीचा ४८ वा दिवस, मणी ३ ते ४ मिलीमीटर, पाऊस नाही, अशा घडांसाठी: ४० पीपीएमने फक्त डिपिंग. याच्या आधीच्या अवस्थेत हे प्रमाण वापरू नका.» त्या पोराचं नाव नको, गाव नको, फोटो नको. मग त्याने प्रश्न पुसला तरी तुमचं उत्तर आपल्या पायावर उभं राहील आणि पुढच्या वर्षी ग्रुपात ‘डिपिंग’ शब्द शोधणाऱ्याला ते अख्खं सापडेल. आणि व्हॉइस मेसेज शक्यतो टाळा. तुम्हाला बोलणं सोपं जातं हे कळतं, पण आवाजात कोणी शब्द शोधू शकत नाही.

तुमच्या पुतण्याने, तो ॲडमिन आहे असं पत्राच्या शेवटी लिहिलंय, एक उपाय सुचवलाय म्हणता, की मूळ मेसेज ओढूनच उत्तर द्यायचं, म्हणजे प्रश्न पुसला तरी उत्तराच्या डोक्यावर तो दिसत राहतो. तसं मुद्दाम करू नका असं मी म्हणेन. तिथे प्रश्नाबरोबर विचारणाऱ्याचं नावही राहतं. ज्याने भिऊन पुसलं त्याला आपण चव्हाट्यावर बांधून ठेवल्यासारखं होतं, आणि ती दोन एकरवाली मग प्रश्नच विचारणार नाही. घड वाळले तरी विचारणार नाही.

पुतण्याला त्यापेक्षा दुसरं काम द्या. ग्रुपच्या माहितीत एक ओळ घालायला सांगा, की ज्याला नाव द्यायचं नाही त्याने प्रश्न ॲडमिनला पाठवावा, ॲडमिन तो नावाशिवाय टाकेल. बाया विचारणार असतील तर ॲडमिन म्हणून एखादी बाईही हवी. तुमच्या भागात बाग बघणाऱ्या बाया कमी नाहीत, विचारून बघा, कोणीतरी तयार होईल. आणि रात्री-अपरात्री अनोळखी बाईला फोन करणाऱ्याला एकदाही समज न देता ग्रुपातून काढायचा, हा नियम पुतण्याने लिहून टाकावा आणि पाळावा. चारशे लोकांत तुमच्या शब्दाला वजन आहे. तो नियम तुम्ही मांडलात तर कोणी हसण्यावारी नेणार नाही.

सगळ्यांसमोर कोणाला झापू नका. «विचारून पुसणाऱ्यांनी लाज बाळगावी» असा जो मेसेज तुम्ही लिहून ठेवलाय आणि अजून टाकलेला नाही, तो टाकू नका. तो वाचून हिशेबी माणसाच्या अंगाला काही लागणार नाही. लाजणारा मात्र कायमचा गप्प होईल.

उत्तरं बंद करू का, असं विचारलंत. थकला असाल तर थोडे दिवस जरूर थांबा. हंगामात तुमची स्वतःची बाग आहे, झोप आहे, चारशे जणांची जबाबदारी तुमच्या एकट्यावर नाही. रात्री साडेनऊनंतर फोन बाजूला ठेवा आणि सकाळच्या चहाबरोबर उत्तर द्या. तातडीचं असेल तो फोन करेल. पण रागाने बंद करू नका. तुमच्या त्या वहीत २८ वर्षांच्या छाटण्यांच्या तारखा आहेत. कुठल्या साली कितव्या दिवशी डाऊनी रोग आला, कुठल्या पावसात घड जिरले, हे कुठल्या दुकानात मिळत नाही. पुतण्याला बसवून त्यातली पानं एकेक करून नीट उतरवून घ्या, अवस्था आणि वाण वर लिहून. पुढच्या छाटणीच्या आधी त्याची एक फाइल ग्रुपवर गेली तर निम्मे प्रश्न विचारावेच लागणार नाहीत, मग पुसायचा सवालच उरत नाही.

आणि ज्याचा प्लॉट चुकला त्याला एकदा भेटून या. फोनवर नको, बागेत जा. देठ किती कडक झालेत ते हाताने बघितल्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही, आणि तुम्ही गेलात की त्याचंही बोलणं आपोआप खाली येईल.

राहिला तो साडेदहाचा पोरगा. त्याचा नंबर तुमच्याकडे आहे. ग्रुपवर नको, त्याला एकट्याला, आज संध्याकाळी एक ओळ टाका. प्रश्न का पुसलास असं विचारू नका. एव्हाना त्याचा साठावा दिवस उलटून गेला असेल. फक्त विचारा, मणी किती मिलीमीटरला गेले?